पुढे झुकणाऱ्यांची खुर्ची

परीक्षा सुरू असलेला कोणताही वर्ग मागच्या दारातून पाहावा. प्रश्नपत्रिका हातात पडल्यावर दहा-पंधरा मिनिटं पाठी बऱ्यापैकी सरळ असतात. मग चुळबूळ सुरू होते. कुणी बाकाच्या पुढच्या कडेवर सरकतं, कुणी एक पाय दुमडून बुडाखाली घेतं, कुणाची हनुवटी वहीपासून वीतभर अंतरावर येते. सुट्या खुर्च्या असतील तर दोन-चार जण तरी त्या पुढच्या दोन पायांवर तोलून बसलेले दिसतात, मागचे पाय हवेत. पर्यवेक्षकांच्या तोंडून ठरलेलं वाक्य येतं, ‘नीट बस, खुर्ची मोडशील.’

डेन्मार्कमधल्या ए. सी. मँडल या शल्यचिकित्सकांना नेमकी ही ‘खोड’ महत्त्वाची वाटली. कोपनहेगनच्या फिन्सेन इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या मँडल यांनी शाळकरी मुलांच्या बसण्याचा कित्येक वर्षं पाठपुरावा केला. तासन्‌तास चालणाऱ्या परीक्षेत ठरावीक अंतराने छायाचित्रं टिपली आणि मुलं खरोखर कशी बसतात ते पाहिलं. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीप्रमाणे गुडघे काटकोनात, कंबर काटकोनात आणि पाठ टेकलेली असं लिहिताना कुणी बसतच नव्हतं. जी मुलं खुर्ची पुढे कलवत होती त्यांची पाठ मात्र इतरांपेक्षा सरळ राहत होती. खुर्चीत जे नव्हतं ते मुलं स्वतःच्या वजनाने करून घेत होती. मँडल यांनी १९८१ साली हे सगळं ‘अप्लाइड अर्गोनॉमिक्स’ या नियतकालिकात मांडलं आणि एक साधी मागणी केली. लिहिण्या-वाचण्याची बैठक पुढच्या बाजूला उतरती हवी, तीही चांगली पंधरा अंशांपर्यंत.

या मागणीमागचं शरीरशास्त्र समजायला अवघड नाही. उभं राहिल्यावर कमरेच्या पाच मणक्यांना आतल्या बाजूने एक बाक असतो. आपण खाली बसतो तेव्हा मांडी आणि धड यांच्यात काटकोन होतो, पण हा काटकोन एकट्या खुब्याच्या सांध्यातून येत नाही. जर्मनीतले शोबर्थ यांनी १९६२ साली क्ष-किरण चित्रांवरून दाखवलं, की नव्वदपैकी सुमारे साठ अंश खुब्यातून मिळतात आणि उरलेले तीसेक अंश कंबर सपाट होऊन भरून निघतात. मांडीच्या मागचे स्नायू बैठकीच्या हाडापासून गुडघ्याखालपर्यंत ताणलेले असतात. खुबा वाकला की ते ओटीपोटाभोवतीचं हाडांचं कडं मागे खेचतात आणि कमरेचा बाक जातो. वर पुन्हा वहीकडे झुकायचं म्हटलं की सपाट झालेली कंबर उलट्या दिशेने वाकते. त्यालाच आपण पोक काढणं म्हणतो आणि मुलांना रागावतो.

याआधी १९५३ साली अमेरिकेतल्या ओमाहाचे डॉक्टर जे. जे. कीगन यांनी कुशीवर झोपवलेल्या माणसांची क्ष-किरण चित्रं घेतली होती. मांडी आणि धड यांच्यातला कोन साधारण १३५ अंश असतो तेव्हा कमरेचा बाक सर्वांत नैसर्गिक अवस्थेत असतो, असं त्यांना आढळलं. घोडेस्वाराची बैठक याच्या जवळ जाते. मांड्या खाली उतरलेल्या आणि पाठीला टेकण नसूनही पाठ ताठ. फिनलंड आणि ऑस्ट्रेलियात खोगिराच्या आकाराची स्टुलं तयार झाली. दिवसभर रुग्णाच्या तोंडात डोकावून काम करणारे दंतवैद्य अनेक देशांत ती वापरतात.

हे पडताळायला उपकरण लागत नाही. सपाट खुर्चीवर मागे सरकून बसावं, हाताची पालथी बाजू कमरेच्या खोलगट भागावर ठेवावी आणि टेबलावरच्या कागदाकडे झुकावं. हाताखालचा खोलगटपणा नाहीसा होऊन मणक्यांची टोकं बोटांना लागतात. आता खुर्चीच्या अगदी पुढच्या कडेवर यावं, गुडघे खुब्यांच्या खाली जाऊ द्यावेत, पावलं थोडी मागे घ्यावीत आणि तेवढंच झुकावं. बहुतेकांना तो खोलगटपणा बराचसा टिकलेला जाणवेल. दोन्ही वेळा इच्छाशक्ती तेवढीच होती, कोन तेवढा बदलला. ‘ताठ बस’ या उपदेशाला मुलं दाद देत नाहीत याचं कारण इथे आहे.

पुण्याला तर हे नव्याने सांगायला नको. बी. के. एस. अय्यंगार यांच्या परंपरेत सुखासनाला बसणाऱ्या नवशिक्याच्या बुडाखाली आधी घडी केलेलं ब्लँकेट सरकवतात. गुडघे वर आणि कंबर मागे कलंडलेली दिसली, तर घड्या वाढवतात. बैठक उंच झाली की ओटीपोट पुढे कलतं आणि पाठ स्वतःहून वर येते. शिवाजीनगरच्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत ही साधनं पन्नासएक वर्षं वापरात आहेत. अय्यंगारांनी जमिनीवर जे साधलं तेच मँडल खुर्चीवर मागत होते.

मग कलणाऱ्या खुर्च्या बाजारात नाहीत का? भरपूर आहेत, पण जवळपास सगळ्या मागे कलतात. कार्यालयातल्या साहेबांच्या खुर्चीखाली कळ असते, ताण कमी-जास्त करणारी मोठी गोल चावी असते, पाठीमागे गादी असते. टेकून बोलणाऱ्या, फोनवर असणाऱ्या, ऐकून घेणाऱ्या माणसासाठी ती योजना आहे. त्याच खोलीत वाकून नोंदी करणाऱ्या लेखनिकाच्या वाट्याला सपाट बैठक येते, आणि पुष्कळदा ती वापराने मागच्या बाजूला खचलेली असते, म्हणजे उतार उलटा. शिलाईच्या कारखान्यात मशीनवर झुकलेल्या कारागिराला लाकडी स्टूल मिळतं. तो त्यावर मागच्या बाजूला चिंध्यांची घडी टाकून आपला उतार आपणच करून घेतो. घड्याळजी, सोनार, भरतकाम करणाऱ्या बाया, प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणारे तंत्रज्ञ ही सगळी पुढे झुकून पोट भरणारी माणसं. कलणाऱ्या बैठकीची खरी गरज यांना आहे, आणि खुर्चीच्या रचनेतली सगळी हुशारी मात्र मागे रेलणाऱ्यांवर खर्च झाली आहे. ही वाटणी बदलायला हवी.

यंत्रणेचा एक मुद्दा इथेच सांगितला पाहिजे, कारण खुर्ची विकत घेताना तो कुणी समजावून सांगत नाही. स्वस्त कलत्या खुर्चीचा आस बैठकीच्या मधोमध असतो. मागे रेललं की पुढची कड वर उचलली जाते, पावलं जमिनीवरून सुटतात आणि मांडीच्या खालच्या भागावर दाब येतो. चांगल्या खुर्चीत आस पुढे, गुडघ्यांच्या जवळ असतो. १९९४ साली हर्मन मिलर कंपनीने आणलेल्या, बिल स्टंफ आणि डॉन चॅडविक यांनी आखलेल्या एरॉन खुर्चीत बैठक पुढे कलवण्याची सोयही मिळते. पण ही खुर्ची ज्यांना परवडते त्यांच्या मुलांच्या शाळेतही बाक मात्र सपाटच असतात.

नॉर्वेने या प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं. हान्स क्रिश्चन मेंग्शोएल यांच्या कल्पनेवरून पीटर ऑप्सविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बालान्स’ बैठका आखल्या आणि १९७९ साली कोपनहेगनच्या फर्निचर प्रदर्शनात त्या लोकांपुढे आल्या. बैठक उतरती, पाठीला टेकण नाही, आणि पुढे घसरू नये म्हणून नडग्यांना गादीचा आधार. जगभर गुडघे टेकून बसायची खुर्ची म्हणून ती ओळखली गेली. तिची अडचणही वापरणाऱ्यांना लगेच कळली. नडग्यांवर दाब येतो, पाय हलवायला वाव राहत नाही, साडी किंवा धोतर नेसलेल्या माणसाला तर त्यात शिरणंही जिकिरीचं. ऑप्सविक यांचं पुढचं काम म्हणूनच जास्त मोलाचं वाटतं. माणूस एका जागी टिकून बसावा हा हट्टच त्यांनी सोडला. १९८४ च्या ‘हॉग कॅपिस्को’ खुर्चीवर सरळ, आडवं, उलटं, खोगिरासारखं, कसंही बसता येतं. उंची वाढवून जवळजवळ उभंही राहता येतं.

उतरत्या बैठकीचे पुरस्कर्ते इथे एक चूक करतात. १५ अंश हे जणू अंतिम सत्य असल्यासारखं ते बोलतात. पुरावा तितका एकसुरी नाही. स्वीडनचे आल्फ नाकेमसन यांनी मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला आणि उभं राहण्यापेक्षा टेकण नसताना बसल्यावर तो बराच वाढतो, असं सांगितलं. पुढे १९९९ साली जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या शरीरात मापक बसवून पुन्हा मोजणी केली. तेव्हा सैल बसलेल्या अवस्थेतला दाब उभं राहण्याच्या तुलनेत थोडा कमीच भरला. वाकून बसल्यावर मात्र तो पुष्कळ वाढला. २००६ साली स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनच्या वुडएंड रुग्णालयात २२ निरोगी स्वयंसेवकांचं बसलेल्या अवस्थेत एमआरआय झालं. तिथे मागे रेलून १३५ अंशांत बसणं मणक्यांना सर्वांत सुखाचं दिसलं. म्हणजे मोठा कोन चांगला, यावर बहुतेकांचं एकमत होतं. तो पुढे उतरून मिळवायचा की मागे रेलून, हे कामावर ठरतं. मागे रेलून बाराखडी गिरवता येत नाही आणि काजही करता येत नाही.

म्हणून बैठकीचा उतार बदलता आला पाहिजे. लिहिताना पुढे, ऐकताना सपाट. सतत उतारावर बसलं तर गुडघे आणि पावलं दुखतात, ही तक्रार खरी आहे. कितीही चांगल्या खुर्चीतून अर्ध्या-पाऊण तासाने उठायला हवंच.

अशी बैठक गावातल्या सुतारालाही करता येते. बैठकीची फळी चाळीस सेंटिमीटर खोल धरली आणि पुढच्या कडेला बिजागरीवर बसवली, तर पाच अंशांसाठी मागची कड साडेतीन सेंटिमीटर उचलावी लागते, दहासाठी सात आणि पंधरासाठी दहापेक्षा थोडी जास्त. मागच्या बाजूला खाली दांडा आणि चौकटीत तीन खाचा. कोकणातल्या ओटीवर कापडी आरामखुर्ची ज्या खाचांवर मागेपुढे होते, तीच युक्ती इथे उलट्या दिशेने लागू पडते.

कागदावर हे सोपं दिसतं, बसल्यावर तीन गोष्टी अंगावर येतात. पहिली घसरण. शरीराचा पंचेचाळीस किलो भार बैठकीवर आहे असं धरलं, तर पंधरा अंशांच्या उतारावर जवळजवळ साडेअकरा किलो भाराइतकी ओढ माणसाला पुढे खेचते. सनमायका किंवा गुळगुळीत रेक्झिन असेल तर ती पायांनी थोपवावी लागते आणि पोटऱ्या तासाभरात भरून येतात. जाड खादी, काथ्या किंवा खरबरीत कापड लावलं तर घर्षणच बरंचसं काम करतं. दहा अंशांवर ही ओढ आठ किलोपेक्षा कमी असते, म्हणून सुरुवात तिथून करावी. दुसरी गोष्ट पुढची कड. ती गोलसर रंधलेली नसेल तर गुडघ्यामागच्या शिरांवर दाब येतो आणि पायाला मुंग्या येतात.

तिसरी गोष्ट टेबलाची, आणि बहुतेक प्रयोग तिथेच फसतात. मागची कड उचलल्यावर बसणाऱ्याचा खुबा दहा अंशांवर चार-पाच सेंटिमीटर वर जातो. टेबल तिथेच राहिलं तर माणूस पूर्वीपेक्षा जास्त वाकतो आणि उतरत्या बैठकीला नावं ठेवतो. मँडल यांचा ढोबळ नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. बैठकीची उंची माणसाच्या उंचीच्या किमान एक तृतीयांश, टेबलाची किमान निम्मी, आणि टेबलाचा पृष्ठभागही वाचणाऱ्याकडे उतरता. १५० सेंटिमीटर उंचीच्या मुलीला ५० ची बैठक आणि ७५ चं टेबल. दहावीच्या वर्गात १४५ ची मुलगी आणि १७० चा मुलगा सहज असतात. या हिशेबाने त्यांच्या टेबलांत साडेबारा सेंटिमीटरचा फरक हवा. आपल्याकडे दोघं एकाच मापाच्या बाकावर दहा वर्षांतलं शेवटचं, सर्वांत जास्त लिहिण्याचं वर्ष काढतात.

उतरतं टेबल आपल्याला परकं नाही. पेढीवर मांडी घालून बसणाऱ्या मुनीमजींच्या पुढ्यात उतरत्या झाकणाचं बैठं डेस्क असे. वही डोळ्यांकडे कललेली, मान कमी झुकलेली, झाकणाखाली चोपड्या. जुन्या शाळांमधल्या डेस्कांनाही उतार होता, वरच्या बाजूला दौतीसाठी भोक आणि टाकासाठी खाच होती. दौत गेली आणि तिच्याबरोबर उतारही गेला, कारण सपाट फळी कापायला स्वस्त आणि एकावर एक रचायला सोयीची. खालच्या कडेला बोटभर पट्टी ठोकली तर वही घसरत नाही, हे जुन्या सुतारांना माहीत होतं.

आज महाराष्ट्रातल्या पुष्कळ शाळांत जो दोघांचा बाक दिसतो, त्यात लोखंडी पाइपच्या एकाच चौकटीवर पुढे डेस्क आणि मागे बैठक वेल्डिंगने जोडलेली असते. टिकाऊपणात तो उत्तम आहे. पण मागच्या पायांखाली ठोकळे सरकवून तो कलवायचं म्हटलं तर बैठकीबरोबर डेस्कही पुढे कलतो, म्हणजे वही मुलापासून दूर झुकते. उपाय फॅब्रिकेशनच्या दुकानातला आहे. बैठकीची फळी थेट पाइपवर न ठोकता मागच्या बाजूला तीन भोकं असलेल्या पट्टीवर बोल्टने बसवायची. फळी तीस सेंटिमीटर खोल असेल तर दहा अंशांसाठी मागे सव्वापाच सेंटिमीटर उचल पुरते. डेस्कच्या पायांनाही एकात एक सरकणारे पाइप आणि तसाच बोल्ट.

शाळेत मुलांच्या हाती कळ देणं मात्र बरोबर नाही. फळी आणि चौकट यांच्या फटीत बोटं चेमटतात, आणि चाळीस मुलांच्या खटखटीत शिकवणं अशक्य होतं. सत्राच्या सुरुवातीला मुलांची उंची मोजून पाना घेऊन उतार आणि उंची ठरवावी, दिवाळीनंतर पुन्हा पाहावी. ज्यांना तेवढाही व्याप नको त्यांच्यासाठी दुहेरी उताराची बैठक आहे. मागचा भाग सपाट, पुढचा उतरता, हलणारा एकही भाग नाही. ऐकताना मूल मागे टेकतं, लिहायला पुढे सरकतं. नाही तरी मुलं बाकाच्या कडेवर सरकतातच. ती कड त्यांच्या सोयीची करायची एवढंच. युरोपात अशा बैठका बनतात, आणि आपल्याकडच्या शाळांसाठी हाच प्रकार सर्वांत व्यवहार्य वाटतो.

दप्तराच्या ओझ्यावर महाराष्ट्रात इतकं बोललं गेलं की नियम झाले, वजनकाटे आले. ते ओझं मुलाच्या पाठीवर घरापासून शाळेपर्यंत असतं. बाक पाच-सहा तास असतो, आणि त्याच्याविषयी पालकसभेत कुणी चकार शब्द काढत नाही. खरेदीच्या अटींत सहसा पाइपची जाडी, प्लायचा दर्जा, रंगाचा थर यांची चर्चा होते. बैठकीचा कोन हा शब्द तिथे यायला हवा. अमुक इयत्तेसाठी अमुक उंची, बैठकीला पुढे पाच ते दहा अंश उतार, डेस्कला तेवढाच उलट उतार, पुढची कड गोल, पृष्ठभाग खरबरीत. एका परिच्छेदात मावणारी ही अट आहे आणि पाइप-प्लायच्या खर्चात तिने फारसा फरक पडू नये.

मापं नाहीत ही सबबही चालणार नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून देबकुमार चक्रवर्ती यांनी केलेलं भारतीय शरीरमापांचं संकलन १९९७ सालीच प्रसिद्ध झालं. मुंबईत आयआयटीचं डिझाइन केंद्र १९६९ पासून उभं आहे. तालुक्या-तालुक्यात आयटीआय आहेत आणि तिथे वेल्डिंग व सुतारकामाचे विद्यार्थी सरावासाठी दर वर्षी काही ना काही बनवतातच. जिल्हा परिषदेने एका तालुक्यातल्या दोन-तीन शाळांसाठी त्यांच्याकडून असे बाक करून घ्यावेत, एक वर्ष वापरावेत आणि मुलांना कुठे दुखतं, कुठे घसरतं, काय तुटतं ते लिहून ठेवावं. मग मोठी खरेदी करावी. माल ताब्यात घेताना वर्गातलं सर्वांत ठेंगणं आणि सर्वांत उंच मूल नमुन्याच्या बाकावर बसवावं, त्यांना वीस मिनिटं शुद्धलेखन घालावं आणि अधिकाऱ्यांनी बाजूला उभं राहून त्यांच्या पाठी पाहाव्यात. पाठी वाकल्या तर पावतीवर सही करू नये.